हंसाचा दाखला

धरणकाठचा तंबू-तळ
१८ डिसेंबर २०२३

तीर्थरूप मोठेबाबांस,
साष्टांग नमस्कार.

इथे येऊन सहा दिवस झाले. टॉवर नाही, आणि असता तरी फोनवर तुम्हाला माझं बोलणं ऐकू येत नाही, म्हणून पत्र. वनविभागाची गाडी मंगळवारी आणि शनिवारी भिलाईला जाते आणि दुसऱ्या दिवशी सकाळी परत निघते. चालक मोहित चरोद्याचा आहे. तो रुआबांध्याला घरी पाकीट देईल आणि निघताना उत्तर घेऊन येईल. पाकीट चिकटवून द्या. मोहित वाचणारा नाही, तरी चिकटवलेलं बरं.

तुम्ही विचारलं होतं की घोड्यांबरोबर मुक्काम म्हणजे काय. सांगते. खरमासात लग्नं नसतात, त्यामुळे वरातीचे घोडे महिनाभर रिकामे असतात. ते या महिन्यात इथे आणायचे, ही आमच्या वनविभागाच्या साहेबांची कल्पना. भिलाई, दुर्ग, रायपूरहून लोक दोन दिवसांसाठी येतात. एका कुटुंबाला एक घोडा मिळतो. त्याला खरारा करायचा, पाणी पाजायचं, तोंडाला चण्याचा तोबरा बांधायचा, सगळं त्यांनीच. सकाळी पाण्याच्या कडेने फेरी. घोडे झाडाला बांधायचे नाहीत, साल सोलली जाते. दोन खांबांमध्ये दोर ताणलेला आहे, त्यालाच बांधायचे. तंबू त्या दोरापासून वीस पावलांवर. पहिल्या दिवशी लोकांना वास सहन होत नाही, दुसऱ्या दिवशी मुलं घोड्याला सोडून जायला तयार नसतात.

नोंदवही माझ्याकडे आहे. आलेली माणसं, आलेले घोडे, प्रत्येक घोड्याचा रक्ततपासणीचा दाखला. दाखल्याशिवाय घोडा तळावर राहू शकत नाही.

काल कुरुदचे गुलाबकाका चार घोडे घेऊन दोन दिवस चालत आले. तुम्हाला ओळखतात म्हणाले. त्यांची पांढरी घोडी हंसा सगळ्यांना आवडली. दाखले या आठवड्यात तपासेन.

मोठ्या आईला नमस्कार. माझी काळजी करू नये. मी स्वतः पुरेशी करते.

तुमची,
मृणाल

*

रुआबांधा, भिलाई
१९ डिसेंबर

चि. मृणाल,
अनेक आशीर्वाद.

पाकीट चिकटवलेलं होतं, पण तो नियम तुझ्या मोठ्या आईला लागू नाही. तिने आधी वाचलं, मग मला दिलं. तुझ्यासाठी तिळाची चटणी पाठवते आहे.

गुलाब म्हणजे धोंडबाचा मुलगा. धोंडबा आणि मी एकाच वर्षी भंडाऱ्याकडून इथे आलो. मी पोलाद कारखान्याच्या टाइम ऑफिसात बसलो, तो कोक ओव्हनच्या भट्टीला लागला. पाळी संपली की प्लांटचे कपडे न बदलता घोड्यांकडे जायचा. त्या कोळशाच्या वासाने घोडे बिथरत नसत. त्यांना तो वास बापाचा वाटत असावा. गुलाबला नोकरी मिळाली नाही, घोडे मिळाले. सरळ माणूस आहे.

तुझ्या दादाच्या, आपल्या सुमेधच्या, वरातीला हंसाच ठरवली आहे, ११ फेब्रुवारीला. तेव्हा तिला नीट जेवू घाल.

दाखले तू तपासशीलच. गुलाबच्या कागदांना फार वेळ देऊ नको. ते ठीक असतात.

थंडी वाढली आहे. दोन मोजे घाल.

तुझे,
मोठेबाबा

*

तंबू-तळ
२२ डिसेंबर

तीर्थरूप मोठेबाबांस,
साष्टांग नमस्कार.

चटणी मिळाली. आमच्या स्वयंपाकीण वंदनाताईंनी अर्धी संपवली.

एक गोष्ट घडली आहे. ती जशी झाली तशी लिहिते.

काल चारही दाखले घेऊन मी दोरापाशी गेले. तीन घोडे जुळले. हंसाच्या दाखल्यावर ओळख अशी आहे: नुकरा म्हणजे पांढरी घोडी, वय नऊ, डाव्या गुडघ्यावर जुना व्रण, कपाळावर केसांचा एक भोवरा, अन्यत्र भोवरा नाही. समोरच्या घोडीला व्रण आहे, कपाळावर भोवरा आहे, आणि उजव्या डोळ्याखाली दोन बोटांवर आणखी एक भोवरा आहे. तिथले केस कधीतरी भादरलेले होते, आता वाढू लागले आहेत, म्हणून पहिल्या दिवशी दिसला नाही. दाखल्यावरचा फोटो डाव्या बाजूने काढलेला आहे.

“हा भोवरा दाखल्यात नाही,” मी म्हटलं.

“माशी बसली अशीन,” गुलाबकाका म्हणाले.

“माशी उडाली. भोवरा आहे.”

“थंडीत केस फिरतेत, बाई. तुमचे नाई फिरत का?”

“काका, हा दाखला याच घोडीचा आहे ना?”

त्यांनी बादली उचलली. मग तुमचं नाव काढून म्हणाले, “तुमाले देवरावजीनं शिकवलं ना?”

“चौथीपर्यंत. घरीच.”

“मंग तुमाले जे दिसून राहिलं ते लिवा.” आणि ते पाणी आणायला गेले.

मला वाटतं, त्यांच्याकडे दोन पांढऱ्या घोड्या असाव्यात. एकीची तपासणी झाली आणि तिच्या दाखल्यावर दुसरी आली. मी उगाच संशय घेत नाही. ही तपासणी ग्लँडर्सची आहे. तो रोग घोड्यापासून माणसाला होतो. रोग निघाला तर घोडं मारून टाकावं लागतं, तसा कायदा आहे. आणि इथे मुलं घोड्यांच्या नाकाला नाक लावतात.

म्हणून हंसाला मी दोरावरून सोडवून पन्नास पावलांवर, मोहाच्या झाडापलीकडे वेगळ्या खांबाला बांधायला सांगितलं आहे. तिची बादली वेगळी, तोबरा वेगळा. ती तिथून बाकीच्यांना हाका मारते.

वहीत शेरा अजून लिहिलेला नाही. ६ जानेवारीला साहेब आणि पशुवैद्य तपासणीला येतात, त्याआधी लिहावा लागेल. घोडी आणि दाखला वेगवेगळे ठरले तर घोडी ताब्यात जाईल, काकांना तळ बंद होईल आणि खोट्या दाखल्याची तक्रार होईल.

तुम्ही त्यांना माझ्यापेक्षा जास्त ओळखता. काय करू?

मृणाल

*

रुआबांधा
२३ डिसेंबर

चि. मृणाल,
आशीर्वाद.

पत्र दोनदा वाचलं.

ज्या जागेबद्दल तू लिहिलंस, तिथल्या भोवऱ्याला घोडेवाले आसूढाळ म्हणतात. डोळ्यातून आसू ढळतात ती वाट. असं घोडं ज्या दारी जातं त्या दारी रडणं येतं, अशी समजूत आहे. आपण असलं काही मानत नाही, पण लग्नघर मानतं. वरातीच्या घोडीला आसूढाळ आहे हे एकदा लोकांना कळलं की तिच्यावर कोणी नवरदेव बसवत नाही. मग तिला एकच गिऱ्हाईक उरतं, वीटभट्टीवाला. भट्टीवर घोडं दोन वर्षं टिकलं तर खूप.

हे तुला माहीत असावं म्हणून लिहिलं. तुझी तपासणी चहा घेतल्यावर, उजेडात, पुन्हा एकदा कर. थंडीत केसांची दिशा खरंच बदलते. दाखल्यावर एक ओळ कमी असली म्हणून दाखला खोटा होत नाही. कधी कधी शेरा न लिहिणं हेही काम असतं.

सुमेधचा सूट शिवायला टाकला. हैदराबादहून त्याने मापं पाठवली, ती कोणा दुसऱ्याचीच वाटतात. पोट बरंच सुटलेलं दिसतं.

तुझे,
मोठेबाबा

*

तंबू-तळ
२५ डिसेंबर

तीर्थरूप मोठेबाबांस,
साष्टांग नमस्कार.

सकाळी आठला, चहा घेतल्यावर, उजेडात पाहिलं. भोवरा आहे. वंदनाताईंनाही दाखवला. त्या म्हणाल्या, “हाये बाप्पा,” आणि पदर नीट केला.

तुमचं पत्र मला नीट समजलं नाही. मी विचारलं होतं, दाखला या घोडीचा नसेल तर काय करू. तुम्ही लिहिलंत, भोवरा लोकांना कळला तर घोडीचं काय होईल. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. घोडी दुसरी असेल तर तिच्या नशिबापेक्षा तिच्या रक्ताची काळजी आधी.

आणि शेरा न लिहिणं हेही काम असतं, हे वाक्य तुमच्या अक्षरात आहे म्हणूनच मी तुमचं मानलं. मी शाळेत तोंड उघडत नव्हते, तेव्हा तुम्ही मला जेवणाच्या टेबलावर बसवून खिडकीतून दिसेल ते लिहायला लावायचात. एकदा मी कुंपणावर मोर लिहिला, तर तुम्ही मला उठवून कुंपणापर्यंत नेलंत आणि विचारलंत, कुठे आहे.

म्हणून सरळ विचारते. सुमेधदादासाठी घोडी ठरवायला तुम्ही कुरुदला गेला होतात. तेव्हा हंसाचं तोंड पाहिलं होतंत का? हा भोवरा होता का? तुम्ही हो म्हणालात तर घोडी तीच आहे आणि दाखल्यात फक्त चूक आहे. नाही म्हणालात तर घोडी बदलली आहे. तुमच्या एका शब्दावर मी शेरा लिहीन.

आजही ती एकटीच आहे. रायपूरच्या एक बाई विचारत होत्या, ही पांढरी चावते का? मी म्हटलं, तपासणी चालू आहे. त्यांनी आपल्या मुलीला लगेच जवळ ओढलं.

मृणाल

*

तंबू-तळ
२९ डिसेंबर

ती. मोठ्या आईस,
साष्टांग नमस्कार.

बुधवारी मोहित उत्तराशिवाय आला. म्हणाला, “अंकल बोले, बाद में लिखेंगे.” मोठेबाबांनी आजवर माझं पत्र असं अडवून ठेवलेलं नाही. बरं नाही का त्यांना? कानाचं काही वाढलं आहे का? मी सुट्टी घेऊन येऊ शकत नाही, सहा तारखेपर्यंत तळ सोडायचा नाही असा आदेश आहे.

दोन ओळी लिही.

मृणाल

*

रुआबांधा
३० डिसेंबर

पोरी मृणाल,

आशीर्वाद. माह्या अक्षराले हासू नको. तब्येत बरी हाये त्यायची. पण जेवण कमी केलं. तुह्यं पत्र खिशात घेऊन फिरून राहिले. म्या इचारलं काय झालं, त म्हणते काई नाई. चाळीस वर्सं झाले, काई नाई म्हटलं का काईतरी रायतेच.

तो मोहित आला होता बुधवारी सकायी. त्यानं गुलाबचा निरोप सांगतला, मोठ्यानं, त म्या बी ऐकला. “गुलाबकाका बोले, देवरावजी को बताना, पोरीले मी काई सांगतलं नाई अन सांगत बी नाई.” तवापासून हे असे बसले. काय सांगतलं नाई गुलाबनं? तुले मालूम असन त मले लिव.

गुलाब भला माणूस. सप्टेंबरात तो डॉक्टरचा फॉरम घेऊन आला होता, त्याले हिंदीत भरता येत नाई म्हून. दोघं दोन घंटे बसले. म्या दोन डाव चहा केला. एका फॉरमाले दोन घंटे कावून लागतेत मले तवाच वाटलं होतं, पण तुह्ये मोठेबाबा हळूच लिवतेत.

चटणी पुन्हा पाठवून राहिली. वंदनाले सांग, ह्या डब्ब्यातली तुही हाये.

तुही मोठी आई,
तारा

*

तंबू-तळ
१ जानेवारी २०२४

तीर्थरूप मोठेबाबांस,
नमस्कार.

फॉर्म तुम्ही भरलात.

माझ्याकडे फक्त टाइप केलेला दाखला आहे. अर्ज पशुवैद्यांकडेच राहतो, त्यामुळे तुमचं अक्षर मला दिसण्याचा प्रश्नच नव्हता. मोठ्या आईने सहज लिहिलं. तिला काही माहीत नाही.

आता मी आणखी काही विचारत नाही. शनिवारी सकाळी दहाला तपासणी आहे.

मृणाल

*

रुआबांधा
२ जानेवारी

चि. मृणाल,

आशीर्वाद लिहायला हात कचरतो आहे, तरी लिहितो.

तू सरळ विचारलं होतंस, त्याचं उत्तर आधी देतो. होय. भोवरा होता. घोडी तीच आहे.

आता बाकीचं. तुला वाटत असेल, गुलाबने विनंती केली आणि मी भिडेला पडलो. तसं झालं असतं तर मी तुला पहिल्याच पत्रात लिहिलं असतं. झालं उलटं. सप्टेंबरात तो फॉर्म घेऊन आला. ओळखचिन्हांच्या रकान्याशी आलो तेव्हा तो स्वतः म्हणाला, “लिवा देवरावजी, उजव्या डोयाखाली आसूढाळ हाये. डॉक्टरले का फरक पडते?” मला तोपर्यंत माहीत नव्हतं. आठच दिवसांपूर्वी मी तीच घोडी सुमेधसाठी ठरवून आलो होतो. तेव्हा तिच्या तोंडावर झालर बांधलेली होती, म्हणून भोवरा दिसला नव्हता. तुझी मोठी आई स्वयंपाकघरात होती. तिने ऐकलं तर घरात काय होईल, एवढंच माझ्या मनात आलं. तेही पुरतं खरं नाही. चाळीस वर्षं मी सगळ्यांना सांगत आलो की हे थोतांड आहे, आणि स्वतःच्या मुलाचं नाव त्या घोडीशी जोडलं जाताच हात थांबला.

मी म्हटलं, हे लिहायला नको. तो म्हणाला, कागद कागद असते, देवरावजी, जे हाये ते लिवा. दोन तास आमचं तेच चाललं. शेवटी मी म्हटलं, गुलाब, माझ्या अक्षरावर विश्वास ठेव. त्याने ठेवला. मी लिहिलं, अन्यत्र भोवरा नाही. तपासणीच्या आदल्या दिवशी तेवढी जागा भादर, असंही मीच सांगितलं. नोव्हेंबरअखेर तपासणी झाली, डॉक्टरांसमोर त्या दिवशी चाळीस जनावरं होती. त्यांनी माझं लिहिलेलं उतरवून घेतलं.

तुला त्याने काही सांगितलं नाही, ते माझ्यासाठी. तुझ्यासमोर माझं नाव जाऊ नये म्हणून तो घोडी बदलणारा चोर व्हायला तयार आहे. त्याचा निरोप आला तेव्हा उत्तर लिहायला बसलो आणि काही लिहिता आलं नाही. आठवडाभर.

सोबत निवेदन आहे, सही आणि तारखेसह. फॉर्म मी भरला, भोवरा माहीत असून लिहिला नाही, गुलाबचा त्यात दोष नाही. ते दिलंस तर दाखला दुरुस्त होईल, पण भोवरा चारचौघांत वाचला जाईल आणि चार दिवसांत कुरुदला पोचेल. नाही दिलंस तर गुलाब खोटा ठरेल, रक्त पुन्हा तपासलं जाईल, पण भोवरा दुसऱ्याच घोडीचा समजला जाईल आणि हंसाचं नाव राहील. गुलाबला दुसरं हवं आहे. मला काय हवं आहे ते विचारू नको.

मोर नव्हता हे तुला दाखवायला मी कुंपणापर्यंत आलो होतो. ते आठवण्याचा अधिकार आता मला किती, ते तू ठरव.

देवराव

*

तंबू-तळ
७ जानेवारी

तीर्थरूप मोठेबाबांस,
साष्टांग नमस्कार.

निवेदन दिलं.

काल दहाला साहेब आणि पशुवैद्य आले. पंच म्हणून मोहित आणि वंदनाताई होत्या. मी वहीतला शेरा दाखवला: दाखल्यात नसलेला एक भोवरा, उजव्या डोळ्याखाली. मग निवेदन पुढे केलं. ते तुमचं आहे आणि तुम्ही माझे मोठेबाबा आहात, हेही सांगितलं, कारण नंतर कळलं असतं तर मी लपवलं असं झालं असतं. साहेबांनी ते मोठ्याने वाचलं. पंचनाम्यात वाचावंच लागतं.

डॉक्टरांनी घोडीचे दात पाहिले, गुडघ्यावरचा व्रण पाहिला, वय जुळवलं. उजव्या बाजूचा फोटो काढला. खात्रीसाठी रक्त पुन्हा घेतलं, पण घोडी आणि दाखला एकच, असं लेखी दिलं. दाखल्यात भोवऱ्याची ओळ घातली. तुमच्यावर काय करायचं ते त्यांचं कार्यालय ठरवेल. बहुधा ताकीद मिळेल. गुलाबकाकांवर काही नाही.

मोहित घोडीच्या तोंडाकडे पाहत होता. “ये वाली? सुमेधभैया के लिए जो बुक है, वही?” तपासणीमुळे कालची गाडी गेली नाही. मंगळवारी तो भिलाईला येईल तेव्हा गोष्ट त्याच्याबरोबर येईल.

सगळे गेल्यावर गुलाबकाका दोरापाशी आले.

“कावून देला तो कागद?”

“खरा होता म्हणून.”

“मी बी खराच होतो ना. मले मालूम होतं ना मी खरा हावो म्हून. बस झालं असतं.” थोडा वेळ त्यांनी दोराची गाठ उगाच सोडली, पुन्हा बांधली. “लोकं म्हटले असते गुलाबनं घोडी बदलवली. साल-दोन साल म्हटले असते, भुलले असते. भोवरा कोणी भुलत नाई, बाई.”

मी म्हटलं, “मुलांच्या जवळ मी तिला खोट्या कागदावर कशी उभी करणार होते?”

“ते बी खरं हाये,” ते म्हणाले, आणि तोबरा भरायला गेले.

मी जे केलं ते बरोबर होतं, असं मला अजून वाटतं. तरीही काल जेवण गेलं नाही.

तुमच्यावर मी रागावले आहे का, ते मला नीट सांगता येत नाही. निवेदनाची प्रत ठेवली आहे. त्यात न घडलेलं काही लिहिलेलं नाही.

मोठ्या आईला आता तुम्हीच सांगा. मोहितकडून कळू देऊ नका.

मृणाल

*

रुआबांधा
९ जानेवारी

चि. मृणाल,
आशीर्वाद.

मोहितच्या आधी गुलाबच आला. काल दुपारी चार मैल सायकल मारत. तुझ्याकडे घोड्यांजवळ आपल्या भावाला बसवून सकाळच्या बसने आला होता म्हणे, आणि कुरुदहून सायकल. मी ताराला सकाळपासून सांगेन सांगेन म्हणत होतो. तो आला तेव्हा मी अजून सांगितलेलं नव्हतं.

तो उभ्यानेच म्हणाला, “वयनी, सुमेधसाठी दुसरी घोडी पाठवतो. काळी हाये, पण देखणी.”

“कावून? हंसाले काय झालं?”

गुलाबने माझ्याकडे पाहिलं. मी सांगितलं. माझ्याशी बोलायचं तर ओरडावं लागतं आणि मला स्वतःचा आवाज कळत नाही, त्यामुळे आसूढाळ हा शब्द शेजारच्या चंपतच्या घरापर्यंत गेला. त्याने टीव्ही बारीक केला.

“तुमाले कवा मालूम झालं?” तारा.

“सप्टेंबरात.”

“अन मले कावून नाई सांगतलं?”

“तू नको म्हटली असतीस.”

“म्हटली असती का नसती ते मी पायलं असतं. तुमीच माह्या वतीनं घाबरले, तुमीच माह्या वतीनं नाई म्हटलं, अन तुमीच खोटं लिवलं. मी तिकडं चहा करून राहिली होती.”

गुलाब म्हणाला, “जाऊ द्या वयनी, काळी पाठवतो.”

“तू चूप बस. कुरुदात काय म्हणतेत?”

“तळावरचे पावणे परतले, त्यायच्यासंगं गोष्ट आली. दोन घरं नाई म्हटले. भट्टीवाला घरी इचारून गेला, घोडी कवा येते म्हून.”

तारा आत गेली. बराच वेळ भांड्यांचा आवाज येत होता. तो मला ऐकू येतो. मग पदराला हात पुसत बाहेर आली.

“हंसाच येईन,” ती म्हणाली.

“वयनी, इचार करा. उद्या काई झालं त…”

“काय होईन? आसू येतीन? कोण्या लग्नात येत नाई? ह्यायच्या बहिणीच्या लग्नात त घोडीच नवती, नवरदेव जीपमंधी आला. तरी ते वर्सभर रडली.” मग माझ्याकडे वळून, मुद्दाम मोठ्याने, चंपतलाही जावं म्हणून: “आता मले कोणी इचारलं. म्हून सांगून राहिली.”

गुलाबने विचारलं, “झालर लांब बांधू का? दिसत नाई मंग.”

“झालर नाई पायजे. तोंड मोकयं ठेव.”

सुमेधला तिने रात्री फोन केला. तो म्हणाला, घोडीवर बसावंच लागतं का? यावर तिने फोन ठेवला.

एका वरातीने घोडीचं नाव परत येईल असं मला वाटत नाही. गुलाबलाही वाटत नाही. भट्टीवाल्याला त्याने ११ फेब्रुवारीनंतर ये म्हणून सांगितलं आहे. तारा म्हणते, तोपर्यंत ती रुआबांध्यातल्या सगळ्या लग्नघरी जाऊन येणार आहे. कशाला ते सांगत नाही.

तुझं पत्र तिने वाचलं. म्हणाली, पोरीने बरोबर केलं. माझ्याबद्दल काही म्हणाली नाही. जेवायला वाढलं.

तुझे,
मोठेबाबा

*

तंबू-तळ
१५ जानेवारी

तीर्थरूप मोठेबाबा आणि मोठी आई यांस,
साष्टांग नमस्कार.

खरमास संपला. आज सकाळी घोडे कुरुदला परत निघाले. रक्ताचा अहवाल शनिवारी आला, हंसा निरोगी आहे. तपासणी झाल्यापासून ती पुन्हा दोरावर होती. परवा दुर्गच्या एका मुलीने तिच्या उजव्या गालावर तेवढ्याच जागी बोट फिरवत बसून सगळी सकाळ काढली. तिला काही ठाऊक नव्हतं, मीही सांगितलं नाही. सांगण्यासारखं त्यात काही होतं का, हे मी ठरवू शकले नाही.

११ तारखेची सुट्टी मिळाली आहे.

निघताना मी गुलाबकाकांना म्हटलं, मी तुम्हाला घोडी बदलणारे समजले, माझी चूक झाली. ते म्हणाले, “तुमी तुमचं काम केलं, बाई. मले त्याचं काई नाई.” मग लगाम हातात घेऊन दोन पावलं गेले आणि थांबले. “फक्त ते पंधरा दिवस तिकडं एकटी उभी होती ना, ते. घोडं एकटं रायत नाई. तिले वाटलं अशीन, आपलं काईतरी चुकलं.”

मी नोंदवही पुन्हा काढून पाहिली. आगमन, दाखला, चिन्हं, शेरा, प्रस्थान, सगळे रकाने भरलेले आहेत आणि सगळे खरे आहेत. त्या पंधरा दिवसांसाठी त्यात कुठेच जागा नाही, म्हणून ते तुम्हाला लिहून ठेवते आहे.

मृणाल